कॉलेजचं कालवण

माघ लागला की सोलापुरात जिकडेतिकडे टोमॅटो दिसायला लागतात. मंडईबाहेरच्या गाड्यांवर तर असतातच, पण रस्त्याकडेला पोतं अंथरून, सायकलच्या मागे करंडी बांधूनही लोक विकायला बसतात. दुपारनंतर भाव उतरतो आणि विकणाऱ्या बाया हाका मारमारून पिशवीत टाकायला लागतात. खाली पडलेले चाकाखाली फुटतात आणि उन्हात त्यांचा वास सुटतो. हिरवट, कच्चा, आंबूस. ह्याच दिवसांत आमच्या कॉलेजच्या फळ्यावर प्रात्यक्षिक परीक्षेचं वेळापत्रक लागतं. माझ्या मनात ह्या दोन गोष्टी एकमेकींना अशा चिकटल्या आहेत की आता सुटत नाहीत.

मी शेवटच्या वर्षाला आहे. काल वेळापत्रक बघून होस्टेलवर परतताना मंडईचा रस्ता टाळून लांबच्या रस्त्यानं आले. सोबतच्या मुलीनं विचारलं, ‘इकडून कशाला?’ मी म्हटलं, ‘सहज.’

सांगण्यासारखं मोठं काही घडलेलं नाही, आणि जे आहे तेही मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. पहिल्या वर्षाच्या हिवाळ्यात मी एक सॉस करायला शिकले. त्याच वर्षी, गुढीपाडव्याच्या आधी, माझी अव्वा, म्हणजे आई, गेली.

सोलापूरजवळ मंद्रूपला आमचं घर म्हणजे पुढे अप्पांचं मिरचीचं दुकान आणि मागे आम्ही. नवा माणूस उंबऱ्यात आला की आधी शिंकायचा, मग बोलायचा. आम्हाला कुणालाच काही होत नसे. होस्टेलवर राहायला आले तेव्हा शेजारच्या खाटेवरची मुलगी म्हणाली, ‘तू ट्रंक उघडलीस की मला ठसका लागतो.’ आपल्या घराला वास आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आमच्याकडे जेवण म्हणजे लाल. भाकरीवर शेंगांची चटणी, आणि तेलाचा लाल तवंग आलेलं कालवण. पांढरं अन्न आजाऱ्याचं. कुणाच्या ताटात दूधभात दिसला तर येणारा-जाणारा दारातूनच विचारायचा, ‘कोन आजारी हाय?’

ते लाल जेवण अव्वा करायची, आणि मला चुलीपाशी येऊ देत नसे. मी भाकरी थापायला बसले की पाट ओढून घ्यायची. ‘हितं धूर हाय. तू वाच जा.’ मला लहानपणी वाटायचं, तिला माझ्या डोळ्यांची काळजी आहे. पुढं एकदा तिनंच सांगितलं, ‘चुलीफुडं एकदा बसली की बाईला कुनी उठ म्हनत न्हाय, नंदे.’ ती स्वतः शाळेत गेली नव्हती. अप्पांना आकडे येत होते, अक्षरं थोडी. मी मॅट्रिक झाले तेव्हा दुकानात पेढे वाटले गेले आणि मला साधा भात करता येत नव्हता.

अशी मी कॉलेजात गृहशास्त्र हा विषय घेऊन बसले. का घेतला, तेही मला धड माहीत नव्हतं. नावात शास्त्र होतं. शेजारच्या शांताकाकूंना कळलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या.

‘म्हंजे रांधाय शिकाय एस.टी.नं सोलापूरला जानार व्हय? आमी हितं शिकवलं असतं की.’

अव्वा दळण चाळत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तुमच्या हातचं तुमचा नवरा खाईना. आमच्या पोरीला काय शिकवताय?’

शांताकाकू दोन दिवस फिरकल्या नाहीत. मग आपणहून आल्या, ताक घेऊन.

तीच अव्वा दसऱ्याच्या सुमारास म्हणाली, ‘आज कालवन लई तिखट झालंय.’ अप्पा आणि मी एकमेकांकडे बघायला लागलो. हिरवी मिरची मिठाला लावून भाकरीबरोबर कचाकचा खाणारी बाई ती. गालाच्या आत एक फोड आला होता. ती सकाळ-संध्याकाळ मिसरी लावायची, त्याच गालात. काही दिवसांनी तिला पाणी पितानाही डोळे मिटावे लागायला लागले.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, गालातला बारीक तुकडा काढून कुठंतरी तपासायला पाठवला, मग अप्पांना बाहेर बोलावलं. मी अप्पांच्या मागे उभी होते. डॉक्टर म्हणाले, मशीनवर किरणांचा शेक द्यावा लागेल, पण आत्ता नाही. अंग फार खालावलंय, असल्या अंगाला शेक सोसत नाही. खाऊ घाला. वजन वाढवून आणा, मग सुरू करू.

‘काय घालू खायाला?’ अप्पांनी विचारलं. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना त्यांचा आवाज कधी असा नसायचा.

‘मऊ काहीही. तिखट बंद.’

परत येताना एस.टी.त अव्वा खिडकीपाशी बसली होती. तिला सगळं सांगितलं नव्हतं, तरी ती म्हणाली, ‘खाल्लं की झालं न्हवं?’ त्या दिवसापासून आमच्या घरात एकच काम उरलं. अव्वानं खाणं.

दूधभात, पेज, रव्याची खीर. पहिले काही दिवस तिनं निमूट गिळलं. मग पांढरी वाटी समोर आली की ती तोंड भिंतीकडे करायची. ‘पांढरं बगितलं की गिळवत न्हाय ग. आपन मेल्यावानी वाटतंय.’ अप्पा दुकानातून उठून येत, वाटीत बघत, परत जाऊन बसत.

मार्गशीर्षात गृहशास्त्राच्या बाईंनी आम्हाला मॅकरोनी आणि टोमॅटो सॉस शिकवला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत गॅस होता, पांढरी फरशी होती आणि खिडकीतून गिरणीची चिमणी दिसायची. बाईंनी लोण्यावर बारीक कांदा मऊ होऊ दिला, लाल नाही. त्यावर साल काढलेले टोमॅटो घातले, आच कमी केली आणि लाकडी चमच्यानं ढवळत राहिल्या. फोडणी नाही, हळद नाही, कूट नाही. मुली कुजबुजत होत्या, हे कसलं पुळचट. मी मात्र पातेल्यातून नजर काढली नाही. ते लाल होत चाललं होतं. हळूहळू दाट, मऊ आणि लाल. अप्पांच्या सगळ्या दुकानात जी गोष्ट नव्हती ती त्या पातेल्यात होती. लाल होतं, आणि तिखट नव्हतं.

मी वर्गात सहसा काही विचारत नसे. त्या दिवशी विचारलं, ‘बाई, ह्यात मिरची अजिबातच नाही?’

‘अजिबात नाही. लहान मुलांना देखील चालतं.’

मॅकरोनी आमच्या गावात मिळत नव्हती, पण त्याची अडचण नव्हती. उन्हाळ्यात अव्वा नखुल्या करायची. कणकेचा शेंगदाण्याएवढा गोळा अंगठ्याच्या नखावर दाबून ओढला की तो पोकळ शिंपल्यासारखा वळतो. गेल्या उन्हाळ्यात तिनं केलेल्या नखुल्यांचा डबा फडताळात भरलेला होता. प्रत्येक नखुलीच्या पाठीवर तिच्या नखाची बारीक रेघ.

शनिवारी मी पिशवीत टोमॅटो घेऊन मंद्रूपला गेले. अव्वाला स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकवून बसवलं. त्या दाराच्या आत मी आणि बाहेर ती, असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. मी कांदा चिरला, जाड-बारीक. स्टोव्हची वात मोठी राहिली आणि कांदा करपला. पुन्हा चिरला. पितळी पातेलं घेतलं तशी ती दारातून बोलली. जीभ जड झाल्यामुळे तिला थांबून थांबून बोलावं लागत होतं.

‘त्याची कल्हई गेलीया. आंबट नगं करू त्यात. कळकंल.’

मी पातेलं बदललं. टोमॅटोची सालं काढताना बोटं भाजली. गाळणीतून रस काढताना अर्धा ओट्यावर गेला. अव्वा बघत होती. ‘हात हलका ठेव. कुनाला मारत न्हाईस तू.’ शेवटी झालं. थोडं पातळ, एका बाजूनं लागलेलं, पण लाल. नखुल्या शिजवून वरून ओतलं आणि वाटी तिच्या हातात दिली.

तिनं वाटीत बराच वेळ बघितलं. ‘लाल हाय की,’ म्हणाली. पहिला घास घेतला, डोळे मिटले, मग सावकाश सगळी वाटी संपवली. अप्पा पडद्याआड उभे होते. ‘कॉलेजचं कालवन बरं करती की तुमची पोरगी,’ तिनं त्यांना ऐकवलं. अप्पा दुकानात गेले आणि गिऱ्हाईक नसतानाही तराजू पुसत बसले.

त्या आठवड्यात मी वर्गात शेजारणींशी आपणहून बोलले. पुढच्या वाटीचा, त्याच्या पुढच्या वाटीचा विचार करत राहिले. वजन वाढेल, शेक सुरू होईल. सॉसवरून आयुष्याचा हिशेब मांडत होते मी.

पुढच्या शनिवारी अप्पा स्टँडवर घ्यायला आले होते. ते कधी येत नसत. चालता चालता म्हणाले, ‘तुज्या त्या कालवनानं तिला चार दिस पानी सुदिक गेलं न्हाय. तुला सांगू नगं म्हनली.’

टोमॅटो आंबट असतो. एवढीच गोष्ट. उघड्या जखमेला आंबट झोंबतं, हे कुणालाही कळेल. पण आमच्या घरात झोंबायची ती मिरची. दुसरं काही झोंबू शकतं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आंबट पितळेला चालत नाही हे अव्वाला माहीत होतं. तिनं पातेलं बदलायला लावलं आणि तेच कालवण स्वतःच्या तोंडात घेतलं.

‘का खाल्लंस मग?’ मी तिला विचारलं.

‘तू केलंवतंस,’ ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘आन लाल व्हतं.’

मग मी आंबट काढायच्या मागे लागले. बिया काढल्या. बियांभोवतीचं पाणी काढलं. गर पिळला. गूळ घातला, बटाटा कुस्करून घातला, गाजर किसून घातलं. दूध घातलं तेव्हा सगळं फाटलं आणि टाकून द्यावं लागलं. दर शनिवारी अव्वा चमच्याच्या टोकाला लागलेला थेंब खालच्या ओठावर घेऊन बघायची. कधी कधी नुसताच हात वर करायची. ‘साकु,’ म्हणायची. तिच्या माहेरचं कानडी. पुरे.

जसजसं आंबट कमी होत गेलं तसतसा रंगही जात राहिला. लालचं नारिंगी झालं, मग पिवळट, मग शिजलेल्या भोपळ्यासारखं. ते तिला चालत होतं, दोन-तीन चमचे जातही होते. पण एकदा तिनं वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, ‘ह्ये बी आजाऱ्याचंच झालं की, नंदे.’

अप्पांनी माझं सगळं बघितलं होतं. एका रविवारी दुपारी दुकान अर्धं ओढून ते मागच्या अंगणात बसले. पुढ्यात ब्याडगी मिरच्या. सुरकुतलेल्या, तिखटाला कमी आणि रंगाला गडद. ते एकेक मिरची उभी फोडत होते, बी झटकत होते, आतली शीर नखानं खरवडत होते. जन्मभर मिरची विकलेला माणूस मिरचीतलं तिखट काढायला बसला होता. मी शेजारी बसले. मिरच्या कोमट पाण्यात भिजवल्या, पाणी फेकलं. पुन्हा भिजवल्या, पुन्हा फेकलं. शेवटी त्यांनी पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि बोटाकडे बघत राहिले.

‘तिखट हाय?’ मी विचारलं.

‘हाय. आन रंग कुटं हाय?’

पाणी फिकट झालं होतं. मोरीकडे गेलेलं सगळं पाणी मात्र लाल होतं. अप्पा म्हणाले, ‘एकाच घरात ऱ्हात्यात दोगं. एक गेलं की दुसरं जातंय.’ त्यांनी मिरच्या सुपात गोळा केल्या. वाळवून परत पोत्यात टाकता येणार नव्हत्या. तरी त्यांनी त्या उन्हात पसरल्या.

आतून अव्वा म्हणाली, ‘काय करताय दोगं तितं?’

‘काय न्हाय. मिरच्या निवडतुय,’ अप्पा म्हणाले.

महाशिवरात्र झाल्यावर तिला पुन्हा दवाखान्यात नेलं. वजनकाट्यावर उभं राहायला तिला धरावं लागलं. डॉक्टर काट्याकडे वाकण्याआधी अप्पांनी बघितलं होतं. काटा वाचायची त्यांची सवय. त्यांनी नजर वळवली आणि अव्वाच्या चपला उचलून हातात धरून उभे राहिले. डॉक्टरांनी ह्या वेळी आम्हाला बाहेर बोलावलं नाही. तिच्यासमोरच म्हणाले, ‘आता घरीच ठेवा. जाईल ते द्या.’

माझी प्रात्यक्षिक परीक्षा त्याच आठवड्यात आली. चिठ्ठीत मॅकरोनी आणि टोमॅटो सॉस निघाला. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, ‘नशीब बघ तुझं. सोपं आलं.’ मी गॅस लावला. माझे हात आता चांगले चालत होते. कांदा बारीक, सगळा सारखा. काही करपलं नाही, काही सांडलं नाही. परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि थांबल्या.

‘हात स्वच्छ आहे तुझा. पण टोमॅटोची चव कुठं गेली? आंबटपणाच नाही काही.’

मी पातेल्यात बघितलं. बिया काढून, पाणी पिळून, मला नकळत मी नेहमीचाच सॉस केला होता. भोपळ्याच्या रंगाचा. ‘चुकलं, बाई,’ म्हणाले. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. बाहेर आल्यावर आमच्या बाई म्हणाल्या, ‘काळजी करू नकोस, पास होशील.’ खरंच पास झाले. आमच्या घराण्यातली कॉलेजची पहिली परीक्षा ती.

अजूनही होस्टेलच्या मेसमध्ये टोमॅटोची कोशिंबीर वाढली की मी पहिला घास जिभेच्या टोकावर धरून बघते. सवय गेलेली नाही. कुणासाठी बघते, ते घास गिळल्यावर आठवतं. मागच्या महिन्यात बाईंनी मला पहिल्या वर्षाच्या मुलींवर लक्ष ठेवायला बोलावलं होतं. एका मुलीनं सॉसचा चमचा माझ्यापुढे केला. ‘आंबट आहे,’ मी म्हणाले. तिचा चेहरा उतरला. बाईंनी चव घेतली. ‘बरोबर आहे की. एवढं आंबट असायलाच हवं.’ त्या माझ्याकडे बघत होत्या. मला खरोखरच कळत नाही आता, किती आंबट बरोबर असतं ते.

त्या पहिल्या वर्षी, परीक्षेनंतरच्या शनिवारी घरी गेले तेव्हा अव्वाची खाट दारापासून स्वयंपाकघराच्या आत आणलेली होती. तिनंच आणायला लावली होती. दुकानातला मिरचीचा वास तिला आता सोसत नव्हता, म्हणून अप्पांनी मधल्या दाराला ओलं गोणपाट लावलं होतं. ती फार बारीक दिसत होती. खुणेनं तिनं मला जवळ बसवलं.

‘परिक्शेत काय केलंस?’

‘तेच.’

‘लाल झालं?’

‘नाही.’

ती म्हणाली, ‘मग आता कर. लाल कर.’

‘तुला चालणार नाही, अव्वा.’

‘मला कशाला? तू खा, आप्पा खातील. मी बगती.’

मी टोमॅटो आणले. त्या दिवशी काहीच काढलं नाही, नुसती सालं सोडून. बियांसकट, पाण्यासकट शिजू दिलं. घरभर तो आंबूस, गरम वास भरला आणि पातेलं लालभडक झालं. नखुल्यांचा डबा उघडला तर तळाशी मूठ-दोन मुठी उरल्या होत्या. मी थोड्या काढल्या आणि झाकण लावायला लागले.

‘समद्या घे,’ ती म्हणाली. ‘ठिवून काय करतीस?’

त्या वर्षी नखुल्या कोण करणार होतं, हा प्रश्न तिलाही होता आणि मलाही. कुणी विचारला नाही. मी डबा उपडा केला. खाली बसलेलं पीठही हातावर झटकून घेतलं.

दोन ताटं वाढली. अप्पा हात धुऊन आले आणि तिच्या खाटेसमोर बसले. सवयीनं त्यांचा हात चटणीच्या बरणीकडे गेला आणि अर्ध्यावरून मागे आला. लाल रसात बुडालेल्या नखुल्या त्यांनी चमच्यानं नाही, हातानंच खाल्ल्या. अव्वा कुशीवर वळून बघत होती, एका घासावरून दुसऱ्या घासावर, जणू कुणी मोजून घ्यायला सांगितलंय.

‘कसं लागतंय?’ तिनं अप्पांना विचारलं.

‘बरं हाय.’

‘बरं म्हंजे?’

‘मिरची पायजे व्हती जरा.’

तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. दुसरा हलत नव्हता. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

‘तू सांग. तू शिकलीस न्हवं?’

मी घास चावत होते. तिच्या नखाची रेघ माझ्या जिभेला लागत होती, एकेका नखुलीवर वेगळी.

‘आंबट आहे,’ मी म्हणाले.

‘आन?’

‘थोडं गोडसर. कांद्याचं.’

‘आन?’

अप्पांनी खाणं थांबवलं होतं. गोणपाटातून पाणी टपकत होतं. मी आणखी एक नखुली तोंडात टाकली. माझ्या तोंडात घास होता, आणि अव्वा माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होती.